टाकीपासून इंजिनापर्यंत

"गाडी सुरू होत नाही" हे वाक्य कानावर पडले की मला बँकेतील जुने दिवस आठवतात. संगणक येण्यापूर्वी सहामाही ताळेबंदाच्या रात्री कारकून समोर येऊन उभा राहत असे आणि म्हणत असे, "साहेब, टॅली होत नाही." एवढ्याने काहीच कळत नसे. फरक किती, नावे बाजूला की जमा बाजूला, कोणत्या खतावणीत, हे विचारल्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नसे. फरकाच्या रकमेला नऊने निःशेष भाग गेला, तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, ५४ चे ४५ लिहिले गेले असावेत, हा पहिला तर्क. फरकाच्या निम्मी रक्कम चुकून दुसऱ्या बाजूला पडली आहे काय, हे पाहणे ही दुसरी पायरी. फरक स्वतःच स्वतःचा ठावठिकाणा सांगत असे. फक्त त्याला प्रश्न क्रमाने विचारावे लागत.

बंद पडलेल्या मोटारसायकलीलाही प्रश्न क्रमानेच विचारावे लागतात. निवृत्तीनंतर मला हा एक नाद लागला आहे. आमच्या घरात तो कोणालाही पसंत नाही, परंतु गेल्या वर्षी त्याचा एका कुटुंबाला उपयोग झाला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, २०२४ च्या श्रावणात गेले. वारणाकाठी आमची शेती आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची २००८ सालची शंभर सीसीची मोटारसायकल पोत्याखाली उभी होती. चौदा महिने तिला कोणी हात लावला नव्हता. पुतण्या पुण्यात नोकरीला, त्याच्याकडे स्वतःची नवी गाडी. भंगारवाला दोनदा येऊन गेला. वजनावर साडेतीन हजार देतो म्हणाला. वहिनींनी त्याला होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही.

दिवाळीनंतर मी गावी गेलो, तेव्हा त्यांनी मनातले सांगितले. अण्णांच्या शेतावर वीस वर्षे राबलेल्या गड्याचा मुलगा बारावी होऊन नऊ किलोमीटरवरच्या गावातील दूध संकलन केंद्रावर लागला होता. पहाटे पाचला तेथे हजर व्हावे लागे. त्या वेळी एसटी नाही. अंधारात, उसाच्या गाड्यांच्या रस्त्याने, तो सायकल मारीत जाई. "भावजी," वहिनी म्हणाल्या, "गाडी चालू होत असली तर त्या पोराला देऊन टाकायची. नाही झाली तर रविवारी भंगारवाला येतोय, त्याला नेऊ दे. मला ती तिथं उभी बघवत नाही."

पुतण्याचे फोनवरचे मत वेगळे होते आणि ते मला वजनदार वाटले. तो म्हणाला, "काका, पहाटे साडेचारला भरवस्तीबाहेर बंद पडणारी गाडी देऊन आपण त्याच्यावर उपकार करतोय की त्याला अडचणीत टाकतोय?" दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या गळ्यात पडू नये, ही अट त्याने घातली होती. तेव्हा गाडी केवळ सुरू होऊन भागणार नव्हते. ती रोज पहाटे सुरू झाली पाहिजे आणि नऊ किलोमीटर जाऊन परत आली पाहिजे, हे सिद्ध करायचे होते. हातात चार दिवस होते.

गावातील मिस्त्री येऊन पाच-पन्नास किका मारून गेला आणि त्याने निदान केले, "कार्ब्युरेटर गेलाय, अठराशे रुपये पडतील, नवाच टाकू." मिस्त्री प्रामाणिक माणूस आहे, त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु ही पद्धत मला मान्य नाही. ताळेबंदातील फरक सापडला नाही की तो सस्पेन्स खात्यात टाकून मोकळे होण्याचा मोह होतो, तसाच हा प्रकार. नवा कार्ब्युरेटर घातल्यावर गाडी कदाचित सुरूही होईल. पण दोष नेमका कोठे होता हे कधीच कळणार नाही, आणि टाकीतील जो कचरा जुन्या कार्ब्युरेटरमध्ये गेला तोच आठ दिवसांत नव्यामध्येही जाईल.

म्हणून मी त्या मुलाला बोलावून घेतले आणि सांगितले, "हात तुझे, डोळे माझे. माझे गुडघे आता वाकत नाहीत."

प्रथम सुरक्षिततेची एक गोष्ट, कारण ती आमच्या घरातही कोणी गंभीरपणे घेत नव्हते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत खोलगट जागी साचते. उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतसुद्धा पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते, मग आपल्या हवेत काय होईल याचा विचार करावा. शेडच्या भिंतीपलीकडे पाणी तापवायची चूल होती. आम्ही गाडी ढकलत खळ्यावर मोकळ्या हवेत आणली, चूल विझेपर्यंत थांबलो आणि मगच पाना हातात घेतला.

इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात: हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब. दाब आहे हे किकवर पाय ठेवताच कळले. पायाला चांगला विरोध होत होता. उरले पेट्रोल आणि ठिणगी. या दोहोंपैकी कोणते नाही, याचे उत्तर प्लग देतो. चोक ओढून आठ-दहा किका माराव्यात आणि प्लग काढून पाहावा. प्लगचे टोक पेट्रोलने ओले असेल तर पेट्रोल पोहोचत आहे, दोष ठिणगीकडे शोधावा. टोक कोरडे असेल तर पेट्रोलच येत नाही. ही एक साधी परीक्षा अर्धे काम वाचवते, आणि आश्चर्य म्हणजे पन्नास किका मारणारे लोक ती करीत नाहीत.

आमचा प्लग कोरडा ठणठणीत निघाला. त्याला टोपी लावून, प्लगच्या उघड्या छिद्रापासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवून मुलाने किक मारली. निळी ठिणगी स्पष्ट दिसली. बॅटरी पार उतरलेली होती, परंतु या गाडीची ठिणगी मॅग्नेटोवर चालते, बॅटरीचा तिच्याशी संबंध नाही. मुलाला मी विचारले, "काय कळलं?" तो म्हणाला, "पेट्रोल न्हाई." तेवढे पुरे होते. आता टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोलच्या वाटेने चालत जायचे आणि ते कोठे अडले आहे ते पाहायचे.

ही वाट जुन्या गाड्यांत अगदी साधी आहे. तेथे पंप नाही, पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरते. टाकीच्या तळाशी पेट्रोलचा कॉक असतो. त्याच्या दोन नळ्या टाकीत वर गेलेल्या असतात, एक उंच आणि एक आखूड. कॉक 'ऑन'वर असताना पेट्रोल उंच नळीच्या तोंडातून येते, म्हणून पातळी त्या तोंडाखाली गेली की गाडी आचके देते. मग 'रिझर्व्ह'वर केले की आखूड नळीतून तळचे पेट्रोल मिळते. ग्रामीण शाखेत असताना वसुलीसाठी हिंडताना याच आखूड नळीने मला कितीदा तरी घरी पोहोचवले आहे. त्या काळी राजदूत आणि येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. पुढे १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि ऑइल न मिसळता, थोड्या पेट्रोलमध्ये पुष्कळ अंतर जाणारी फोर-स्ट्रोक गाडी खेडोपाडी दिसू लागली. आमच्या शाखेतील कर्जाच्या अर्जांवर त्यानंतर मोटारसायकलचा वर्गच बदलला. असो.

अण्णांच्या टाकीत सुमारे दोन लिटर पेट्रोल होते. झाकण उघडताच जो वास आला तो पेट्रोलचा नव्हता, जुन्या रोगणासारखा आंबूस होता. पेट्रोल हे अनेक द्रव्यांचे मिश्रण असते. त्यातील हलकी, चटकन पेटणारी द्रव्ये आधी उडून जातात आणि मागे जड भाग राहतो. थंड इंजिन सुरू करण्यास नेमकी ती हलकी द्रव्येच लागतात.

कार्ब्युरेटरकडची रबरी नळी काढून आम्ही तिचे तोंड काचेच्या बाटलीत धरले आणि कॉक उघडला. दोऱ्याएवढी अखंड धार यायला हवी होती. थेंब पडू लागले, तेही मोजता येतील असे. म्हणजे पहिला अडथळा कार्ब्युरेटरच्या आधीच होता. मिस्त्रीचे निदान येथेच अपुरे ठरले.

टाकी रिकामी करून कॉक खोलला. त्याच्या जाळीवर गंजाचे पापुद्रे आणि तपकिरी चिकट थर बसला होता. काढलेले पेट्रोल रात्रभर बाटलीत ठेवले, तेव्हा सकाळी तळाशी निराळा थर स्पष्ट दिसला. अर्धवट भरलेली टाकी, पत्र्याची शेड, दिवसा तापणे आणि रात्री निवणे, यामुळे आत दव धरते. त्यात आजच्या पेट्रोलचा एक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. त्यात इथेनॉल असते. २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल देशात सुरू झाले आणि आता तेच सर्वत्र मिळते. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी असेल तोवर ते मिसळून जाते आणि इंजिनात जळून जाते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाशी बसतात. कॉकही तळाशीच असतो. रोज फिरणाऱ्या गाडीला याचा उपद्रव होत नाही, कारण पेट्रोल जुने होण्याआधीच संपते. त्रास उभ्या गाडीला होतो. आमच्या भागातील वाचकांना यात एक गंमत वाटेल. ज्या उसाच्या बिलातून अण्णांनी ही गाडी घेतली, त्याच उसाच्या मळीचा आणि रसाचा अंश आता तिच्या टाकीत येऊन बसला होता.

टाकी नव्या पेट्रोलने विसळताना आत किती गंज आहे हे पाहण्यासाठी मला फडके हवे होते. मी स्वयंपाकघराच्या दारातून मागितले. वहिनी म्हणाल्या, "पाणी गाळायचं फडकं त्या कामाला मिळणार नाही, आधीच सांगते." थोड्या वेळाने त्या आतून अण्णांच्या जुन्या धोतराचा तुकडा घेऊन आल्या, कात्रीने नीट कापलेला, आणि काही न बोलता मुलाच्या हातात देऊन गेल्या. त्याच धोतरातून आम्ही विसळलेले पेट्रोल गाळले. पहिल्या खेपेस फडके तांबडे झाले, दुसऱ्या खेपेस पिवळट, तिसऱ्या खेपेस त्यावर काहीही उरले नाही. तेव्हा टाकीचे काम संपले असे मी ठरवले. चौदा वर्षांपूर्वीची, कडक झालेली रबरी नळीही बदलून टाकली, ती काही रुपयांची गोष्ट होती. नव्या नळीत एक छोटा पारदर्शक फिल्टरही बसवला. कचरा आला तर तो डोळ्यांना दिसावा, हा हेतू.

आता नळीतून धार उत्तम येत होती. पुढची चौकी कार्ब्युरेटर.

कार्ब्युरेटरच्या तळाला एक वाटी असते आणि तिच्यात एक तरंगता फ्लोट. पेट्रोल भरत गेले की फ्लोट वर उचलला जातो आणि एका सुईने येणारी वाट बंद करतो. पेट्रोल खर्च झाले की तो खाली येतो, वाट उघडते. आपल्या घरावरच्या पाण्याच्या टाकीतील बॉल कॉकची ही धाकटी बहीण. वाटीच्या तळाशी एक स्क्रू असतो, तो सैल केला की आतले पेट्रोल बाहेर येते. कॉक चालू ठेवून तो सैल केल्यावर धार चालूच राहिली पाहिजे. आमच्याकडे चमचाभर तपकिरी द्रव आला आणि थांबला. म्हणजे सुई चिकटली होती. मिस्त्री लोक अशा वेळी वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दोन हलक्या टिचक्या मारतात आणि सुई सुटतेही. रस्त्यावर अडकलेल्या माणसाला ही युक्ती जरूर माहीत असावी. परंतु चौदा महिने सुकलेल्या वाटीला टिचकी पुरत नाही. आम्ही कार्ब्युरेटर काढला.

वाटी उघडली तेव्हा आत काकवी आटून तळाशी करपावी तसा हिरवट-तपकिरी थर होता. या वाटीला हवेशी जोडलेले छिद्र असते, त्यामुळे उभ्या गाडीत सर्वप्रथम वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि त्याचा गोंद मागे राहतो. दीर्घकाळ गाडी ठेवायची असेल तर कॉक बंद करून हा तळचा स्क्रू सैल करावा आणि वाटी रिकामी करून ठेवावी. दोन मिनिटांचे काम आहे. परगावी मुलांकडे चार-सहा महिने राहावयास जाणाऱ्या आपल्या वाचकांनी एवढे केले तरी परतल्यावरचा अर्धा त्रास वाचेल.

वाटीत पितळेचे दोन जेट उभे असतात. मोठा, मेन जेट, गाडी वेगात असताना पेट्रोल देतो. लहान, पायलट जेट, गाडी सुरू होताना आणि जागेवर चालत असताना. पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. मुलाने तो जेट आकाशाकडे धरून डोळ्याला लावला. काहीच दिसले नाही. पलीकडे संपूर्ण अंधार. गाडी सुरू न होण्याचे मूळ कारण त्या एका अंधारात होते.

येथे घाई करू नये. पिन, सुई किंवा पोलादी तार जेटमध्ये कधीही घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र केसभर जरी मोठे झाले तरी पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे साडेचौदा ग्रॅम हवा, हे प्रमाण ज्या छिद्रावर अवलंबून आहे त्याच्याशी दांडगाई चालत नाही. जेट आम्ही कार्ब्युरेटर साफ करण्याच्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी विजेच्या वायरमधील तांब्याचा एकच बारीक तंतू हलकेच फिरवला आणि गावातील पंक्चरवाल्याकडे जाऊन हवेचा झोत मारून आणला. मुलाने पुन्हा जेट आकाशाकडे धरला. "दिसतंय, काका," तो म्हणाला, "चांदणीएवढं." मीही पाहिले. माझ्या चष्म्यातून ती चांदणी जरा धूसर होती, परंतु होती.

मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे होतात ते मोजून मी कागदावर लिहून ठेवले होते: दोनला थोडा कमी. परत बसवताना तेवढेच फेरे उलटे. बँकेतील सवय. जे उघडले ते कोणत्या स्थितीत होते याची नोंद नसेल तर पुन्हा बसवणाऱ्याला केवळ अंदाजावर चालावे लागते.

शुक्रवारी दुपारी लिटरभर नवे पेट्रोल घातले, चोक ओढला. चौथ्या किकेला इंजिनाने आवाज दिला, सातव्याला ते सुरू झाले आणि सुरूच राहिले. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विचारले एवढेच, "धूर पांढरा कशानं?" मी सांगितले, सायलेन्सरमध्ये साचलेले पाणी निघते आहे, थांबेल. थोड्या वेळाने तो थांबला आणि त्या आत गेल्या.

अनेकांचे काम येथे संपते. पुतण्याची अट माझ्या डोक्यात होती, म्हणून माझे संपले नाही. विम्याची मुदत संपलेली असल्याने सार्वजनिक रस्त्यावर नेण्याचा प्रश्नच नव्हता. उसाच्या कडेने विहिरीपर्यंत आमची स्वतःची गाडीवाट आहे, जाऊन-येऊन सुमारे एक किलोमीटर. मुलाने सहा फेऱ्या मारल्या, गाडी एकदाही अडखळली नाही. मग मी त्याला कॅन घेऊन पाठवले आणि टाकी जवळजवळ तोंडापर्यंत भरायला लावली. त्याला ते उधळेपणाचे वाटले असावे.

भरल्या टाकीने गाडी निघाली आणि दुसऱ्या फेरीत, विहिरीजवळ, आचके देत बंद पडली.

मुलगा ढकलत घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मिस्त्री योगायोगाने तेथे होता. तो म्हणाला, "पंपावरचं पेट्रोलच खराब असणार. आधी चालत होती, भरल्यावर बंद पडली, अजून काय पुरावा पाहिजे?" वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड होता. परंतु कॅनमधील पेट्रोल स्वच्छ होते. मी मुलाला टाकीचे झाकण हळूच उघडायला सांगितले. 'फुस्स' असा आवाज करीत हवा आत शिरली. झाकण लावून दोन मिनिटांनी किक मारली, गाडी सुरू.

हे कोडे सुटले तेव्हाचा आनंद मी वर्णन करू शकत नाही. टाकीतून पेट्रोल खाली उतरले की त्याची जागा घ्यायला हवा आत आली पाहिजे. त्यासाठी झाकणात एक बारीक वाट ठेवलेली असते. ती बुजली की टाकीत निर्वात निर्माण होऊ लागतो आणि पेट्रोलला मागे धरून ठेवतो. टाकी जवळजवळ रिकामी असेल तेव्हा आत भरपूर हवा असते. ती थोडी ताणली जाते आणि पुष्कळ अंतर काही बिघडत नाही. टाकी भरलेली असेल तेव्हा वर मूठभरच हवा राहते आणि थोडेसे पेट्रोल खर्च होताच ती ताण दाखवते. म्हणून हा दोष रिकाम्या टाकीत लपतो आणि भरल्या टाकीत उघडा पडतो. टाकी भरण्याचे कारण हेच होते. चार-दोन फेऱ्यांवर समाधान मानून गाडी दिली असती, तर पहिल्यांदा पैसे साठवून टाकी भरल्याच्या दुसऱ्या पहाटे तो पोरगा रस्त्यात उभा राहिला असता आणि पेट्रोल पंपाला दोष देत राहिला असता.

झाकण उलटे करून पाहिले. हवेची वाट धूळ आणि गंज यांनी घट्ट बुजलेली होती. ती साफ केली, फुंकर आरपार जाते याची खात्री केली आणि भरल्या टाकीने शनिवारी सकाळी सलग वीस फेऱ्या मारायला लावल्या. मी विहिरीच्या कठड्यावर बसून वहीत एकेक रेघ ओढत होतो. मिस्त्री येऊन दहा फेऱ्या पाहून गेला. जाताना म्हणाला, "साहेब, हे झाकणाचं ध्यानात ठेवतो." मला त्याचे कौतुक वाटले.

नव्या गाड्यांविषयी दोन शब्द, नाहीतर तरुण वाचक म्हणतील की आजोबांनी जुन्या काळाचेच सांगितले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता टाकीच्या आत विजेवर चालणारा पंप असतो आणि इंजेक्टर पेट्रोलचा फवारा मारतो. चावी फिरवताच एक-दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो पंपाचा आवाज. गाडी सुरू होत नसेल तर रेडिओ, मोबाइल बंद करून आधी तो आवाज ऐकावा. नसेल तर लाल बटण चुकून बंद झाले आहे काय, फ्यूज आणि बॅटरी ठीक आहेत काय, एवढे पाहून कामगाराला बोलवावे. ती नळी घरी खोलू नये, तिच्यात दाबाखाली पेट्रोल असते.

रविवारी भंगारवाला आला. वहिनींनी त्याला चहा दिला आणि शेडमधला जुना पत्रा दिला.

कागदपत्रांचे काम मी माझ्याकडे ठेवले होते. वाहनाचा मालक निधन पावल्यास तीस दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे लागते आणि वारसाच्या नावावर वाहन करण्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो. ते अण्णांच्या पश्चात लगेच केले होते, म्हणून गाडी वहिनींच्या नावावर होती. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे पाच वर्षांचे नूतनीकरण अण्णांनी स्वतः करून ठेवले होते, ते २०२८ पर्यंत चालणार आहे. आता विमा, प्रदूषणाचे प्रमाणपत्र आणि वहिनींकडून मुलाच्या नावे हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, एवढे उरले. पुष्कळ लोक ओळखीच्या माणसाला गाडी अशीच देऊन टाकतात. पुढे अपघात झाला की कोर्टाची नोटीस मूळ मालकाच्या दारात येते. कर्जवसुलीच्या दिवसांत मी अशी घरे पाहिली आहेत. वहिनींनी फॉर्मवर सही केली तेव्हा विचारले, "किंमतीच्या जागी काय लिहायचं?" मुलगा म्हणाला, "काकी, मी महिन्याला थोडं थोडं देतो." वहिनी म्हणाल्या, "तुझ्या बापानं वीस वर्षं दिलंय."

मी परत आलो. मुलाचा फोन डिसेंबरात आला, सकाळी सात वाजता, दूध केंद्रावरून. पार्श्वभूमीला कॅनचा खणखणाट ऐकू येत होता. आदल्या संध्याकाळी त्याने गाडी धुतली होती आणि पहाटे ती सुरू होईना. वीस मिनिटे उशीर झाला होता, परंतु त्याचा आवाज तक्रारीचा नव्हता.

"काका, प्लग काढून बघितला. ओला निघाला. म्हंजे पेट्रोल येतंय न्हवं? मग वरची टोपी काढून पुसली, वाळवली. दुसऱ्या किकेला चालू."